चौथ्या मजल्याचे गज

त्या इमारतीत चोरांना बढती मिळत असे, आणि ती अगदी रीतसर, एकेका मजल्याने मिळत असे.

अल्जियर्समधल्या एका उतरत्या गल्लीत, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्याने फार पूर्वी, देशाच्या वाईट दिवसांत, आपल्या गॅलरीला लोखंडी ग्रिल बसवले. ग्रिलला आडव्या पट्ट्या होत्या. आडव्या पट्टीवर पाय ठेवता येतो, ही गोष्ट दुसऱ्या मजल्याच्या ध्यानात आली ती त्यांचे शिवणाचे मशीन गेल्यावर. मग दुसऱ्या मजल्याने ग्रिल बसवले आणि तिसऱ्याचा रेडिओ गेला. तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बेनशनूफ राहत. त्यांनी असे काही भक्कम ग्रिल ठोकून घेतले, की रुग्णाने खालून वर पाहिले तर त्याला आपल्या जबड्याचे भवितव्य दिसावे.

चौथ्या मजल्यावरचे सी मखलूफ (इथे आदराने पुरुषांच्या नावाआधी 'सी' आणि बायकांच्या नावाआधी 'लल्ला' लावतात) हे सारे एका अभ्यासकाच्या अलिप्तपणाने पाहत आले होते. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. नदीची पातळी वाढते तेव्हा काठावरचा शहाणा माणूस आरडाओरडा करत नाही, पाण्याकडे लक्ष ठेवतो, असे ते म्हणत. पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत आले होते हे त्यांना दिसत होते. पण दिसणे वेगळे आणि आपल्या घरात येईल असे वाटणे वेगळे. हा फरक भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात दिलेला नसतो.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, गल्लीतली सगळी पुरुषमंडळी जुम्म्याच्या नमाजेला गेलेली असताना, पाणी चौथ्या मजल्यावर आले. चोराने घरातल्या कशालाही हात लावला नाही. टीव्ही तसाच होता, त्यांच्या बायकोच्या, वर्दियाच्या, बांगड्या कपाटात तशाच होत्या. गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेला पिंजरा तेवढा नव्हता. पिंजऱ्यात बाशा होता.

बाशा म्हणजे मकनीन. चिमणीएवढा पक्षी, तोंडावर लाल रंग ओतल्यासारखा आणि पंखावर पिवळी पट्टी. या शहरात ज्याच्याकडे मकनीन नाही त्याच्याकडे निदान मकनीनविषयी मते तरी असतातच. हा बाशा त्यांच्या अनीसने, एकुलत्या एका मुलाने, पिल्लू असल्यापासून वाढवला होता. रोज पहाटे पिंजऱ्यावरचा कपडा काढून अनीस त्याच्यापुढे शीळ घालत बसे, आणि हळूहळू बाशाने ती शीळ आपल्या गाण्याच्या शेवटी जोडून घेतली होती. मग अनीस शिकायला म्हणून समुद्रापलीकडे गेला. शिकणे संपले, पण तो परत आला नाही. काय करतोस म्हणून विचारले की "काम चालू आहे" म्हणे. दर शुक्रवारी कुसकुसचे, वाफवलेल्या रव्याचे, जेवण झाल्यावर त्याचा फोन येई आणि तो पहिल्यांदा म्हणे, "आई, फोन जरा बाशाजवळ धर." वर्दिया गॅलरीत जाऊन फोन पिंजऱ्याला लावून धरी. बाशा गाई. पलीकडून कोणी बोलत नसे. बाशाचे झाले की मग मायलेकांच्या गप्पा सुरू होत.

त्या शुक्रवारीही फोन वाजला. नमाजेहून परतलेले सी मखलूफ रिकाम्या खिळ्याकडे पाहत उभे होते. वर्दियाने फडक्याला हात पुसले, फोन उचलला आणि एक क्षणही न थांबता म्हणाली, "नाही रे बाळा, गात नाहीये तो. पिसं झडताहेत ना."

उन्हाळ्याच्या शेवटी मकनीनची पिसे झडतात आणि तोवर तो गप्प असतो, हे खरेच होते. सी मखलूफांना बायकोच्या या तत्परतेचे भय वाटले. इतक्या वर्षांत ती आपल्याशीही अशी किती सहज बोलली असेल, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांनी तो घाईने बाजूला सारला.

फोन ठेवल्यावर मात्र वर्दिया खाली बसली. "पिसं परत यायला फार तर दोन महिने लागतात," ती म्हणाली. "तोवर पक्षी आणा. पण गज बसल्याशिवाय नाही. एकदा गेला ते चोराचं पाप. परत गेला तर ते माझं."

त्या दिवसापासून ती गॅलरीत बसेनाशी झाली. दुपारची कॉफी ती स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून पिऊ लागली.

गल्लीच्या तोंडाशी एक उंच भिंत होती आणि त्या भिंतीला टेकून जलूल आणि त्याचे चार-पाच मित्र दिवसभर उभे असत. सगळे तिशीचे. जलूलकडे विजेच्या कामाची पदविका होती. ती त्याच्या आईने काचेत घालून बैठकीत टांगली होती, आणि तो स्वतः भिंतीला टांगलेला होता. पाचव्या मजल्यावरची लल्ला बाया रोज सकाळी दोरीला बांधून टोपली खाली सोडी. टोपलीला एक छोटी घंटा होती. घंटा वाजली की यांच्यातला कोणीतरी पुढे होई, पैसे घेई, पाव आणि दुधाची पिशवी आणून टोपलीत ठेवी आणि दोरीला झटका देई. एवढे काम झाले की पुन्हा भिंत.

"सी मखलूफ, फार वाईट झालं," जलूल म्हणाला. "शुक्रवारी दुपारी आम्हीही मशिदीत असतो हो. आठवड्यात तेवढी एकच सुट्टी आहे भिंतीला."

"इतर दिवशी तरी काय पाहता तुम्ही?" सी मखलूफ म्हणाले.

"तुमच्या गॅलऱ्या पाहतो. दुसरं आहे काय बघायला? समुद्र तर जाणाऱ्यांसाठी आहे." मित्र हसले. मग जलूल गंभीर झाला. "हे बघा, माझा मावसभाऊ पक्षीबाजारात बसतो. बाशाची ती शेवटची शीळ अख्ख्या गल्लीला पाठ आहे. कुठंही गायला तरी ओळखू. आठवडाभर द्या आम्हाला. आणतो परत."

सी मखलूफांनी यावर रात्रभर विचार केला आणि तर्कशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष असा एक निष्कर्ष काढला. ज्याला चोरलेला पक्षी कुठे आहे हे आठवड्यात कळू शकते, त्याला ते आजच ठाऊक असणार. शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांची ही अडचण असते. त्यांचे उत्तर चुकले तरी रीत बरोबर असते, आणि त्या रीतीचे गुण ते स्वतःला देऊन मोकळे होतात.

ते पोलीस चौकीत गेले. टेबलामागच्या अधिकाऱ्याने आदराने खुर्ची दिली.

"काय गेलं?"

"मकनीन."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले. "शेख, मकनीन घरात ठेवणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना? संरक्षित पक्षी आहे तो."

"अहो, अख्खं शहर ठेवतं."

"अख्खं शहर इथं येऊन सांगत नाही. तुम्ही सांगताय. तेव्हा आधी ठरवू या, तुम्ही फिर्यादी का आरोपी."

तेवढ्यात मागच्या खोलीतून एक मकनीन मोठ्या ऐटीत गाऊ लागला. दोघेही काही वेळ ऐकत राहिले. गाणे खरोखरच चांगले होते.

"तो?" सी मखलूफांनी विचारले.

"तो जप्त केलेला मुद्देमाल आहे."

"कधी जप्त केला?"

"झाली असतील चार वर्षं." अधिकाऱ्याने पेन पुन्हा उचलले. "असं करू. पिंजरा चोरीला गेला असं लिहू. रिकामा. पिंजरा बाळगायला बंदी नाही. ठीक? आता संशय कुणावर?"

इथे सी मखलूफांनी घरी जायला हवे होते. पण भूगोलाचा एक माजी शिक्षक, ज्याच्या हाताखालून निम्मी गल्ली शिकून गेली, तो चौकीत येतो आणि 'एक रिकामा पिंजरा' एवढीच नोंद करून परत जातो, हे त्यांच्या मानी स्वभावाला सोसेना. निदान संशयाचा रकाना तरी भरलेला असावा असे त्यांना वाटले.

"गल्लीच्या तोंडाशी काही रिकामटेकडे उभे असतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली आणि भिंत रिकामी झाली. संध्याकाळी सगळ्यांना सोडून दिले, कारण रिकाम्या पिंजऱ्यासाठी माणसांना किती वेळ बसवून ठेवणार? पण ते परत त्या भिंतीशी आले नाहीत. औषधाच्या दुकानापलीकडे एक दुसरी भिंत होती, तिथे जाऊन उभे राहू लागले. तिथून ही इमारत दिसत नसे. येताजाता जलूल छातीवर हात ठेवून म्हणे, "सलाम, सी मखलूफ." आधीही तो सलाम करीच, पण मागाहून काहीतरी थट्टा असे. आता नुसता सलाम. सी मखलूफांना तो दिवसभर पुरे.

ग्रिल बसवायचे, पण रीतसर, असे त्यांनी ठरवले. इमारतीचा दर्शनी भाग बदलायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते, असे सहाव्या मजल्यावरच्या हाज तय्यबांनी सांगितले. हाज तय्यब कस्टम खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्याही वस्तूकडे ते अजूनही 'आत काय लपवले आहे' अशा नजरेने पाहत.

"तुम्ही बसवा हो," ते जिन्यात म्हणाले. "तुम्ही बसवलंत की बाया उघडी पडली. बायानंतर मी."

"मी आडव्या पट्ट्या घालणारच नाही, हाज. नुसते उभे गज. कोणी चढूच शकणार नाही."

"प्रत्येक जण असंच म्हणाला होता. या तिसऱ्या मजल्याला विचारा."

तिसऱ्या मजल्याचे डॉक्टर बेनशनूफ तेवढ्यात बाहेर आलेच होते. "मूळ काढून टाका, सी मखलूफ," ते म्हणाले. "वरवर भरून उपयोग नाही. माझ्या ग्रिलवरून चोर वर गेला याचं मला दुःख आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या पाहिलं तर माझं ग्रिल यशस्वी झालं."

नगरपालिकेतल्या बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, इमारत जुन्या, जपायच्या इमारतींत मोडते. दर्शनी भागाला हात लावता येणार नाही.

"पण पहिल्या तिन्ही मजल्यांना ग्रिल आहे!"

"आमच्याकडे तशी नोंद नाही. आमच्या हिशेबी तुमच्या इमारतीला एकही गज नाही."

"मग माझंही नोंदीत घेऊ नका."

बाईंनी त्यांच्याकडे खऱ्या सहानुभूतीने पाहिले. "तसं करायचं होतं तर विचारायचंच नाही ना, शेख. त्यांनी कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत. आता मला नाही म्हणावं लागेल." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "माझ्याही घरी पिंजरा आहे. वेल्डरला शुक्रवारी बोलवा. शुक्रवारी आमचं कोणी फिरकत नाही."

आयुष्यात प्रथमच सी मखलूफ सरकारी सल्ल्याने बेकायदा काम करायला निघाले.

अर्झ्की वेल्डर 'सोमवारी देतो' म्हणाला. कुठल्या सोमवारी ते त्याने सांगितले नाही आणि विचारणे सी मखलूफांना सभ्यपणाचे वाटले नाही. दरम्यान त्यांनी स्वतः पट्टी-पेन्सिल घेऊन आराखडा काढला. नुसते उभे गज, आडवे काही नाही. या आराखड्यात त्यांचा सारा माणुसकीवरचा विश्वास उतरला होता: आपण सुरक्षित व्हावे, पण आपल्या सुरक्षिततेवर पाय देऊन कोणी वर जाऊ नये. अर्झ्कीने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"आडवी पट्टी नसली तर उभे गज हातानं फाकतात, शेख. एक तरी लागेल."

"एकच."

"एक मध्ये. मग वरचं टोक मोकळं हलणार. तिथं एक."

"बरं, दोन."

"आणि खालचं काय हवेत ठेवू?"

तीन ठरल्या. मग वर्दियाने तुळशीसारख्या वासाच्या एका झुडपाच्या कुंड्या ठेवायला जागा हवी म्हटले. इथल्या घरांत त्याला 'हबक' म्हणतात, आणि त्याच्याशिवाय डासही जात नाहीत आणि घराला घरपणही येत नाही. म्हणून अर्झ्कीने ग्रिलला पोट काढून दिले, बाहेर फुगलेले, आणि पोट पावसात गळू नये म्हणून त्यावर पत्र्याचे सपाट छप्पर घातले. एका शुक्रवारी ते बसले. खाली उतरून सी मखलूफांनी वर पाहिले. त्यांच्या आराखड्यातले उभे गज होते खरे. त्यांच्या भोवती तिन्ही पट्ट्या होत्या, पोट होते, आणि पोटावर, लल्ला बायाच्या कठड्याच्या बरोबर खाली, पाटासारखी बसायला जागा होती.

 ते तडक पाच जिने चढून पाचव्या मजल्यावर गेले.

लल्ला बाया म्हातारी होती, एकटी होती, आणि इमारतीतली एकमेव व्यक्ती होती जी कोणालाही घाबरत नसे. "छान झालं की," ती कठड्यावरून वाकून म्हणाली. "माझ्या टोपलीला टेकायला जागा झाली. मध्ये दमते बिचारी."

"लल्ला बाया, मी तुमच्याही गॅलरीला करून देतो ग्रिल. माझ्याकडून."

"मला नको बाई ते. टोपली कशी जाईल? आणि समुद्र काय तुकड्यातुकड्यानं बघू?" ती हसली. "माझ्याकडे आहे काय चोरायला? आलाच कुणी तर म्हणेन, ये बाळा, बैस, कॉफी घे. एवढे जिने चढून आलेल्याला निदान कॉफी तरी."

सी मखलूफ सुटल्यासारखे खाली आले. समोरच्या माणसाने नको म्हटले की देणाऱ्याचे कर्तव्य संपते, असे एक सोयीचे मत त्यांनी त्या जिन्यातच तयार केले.

टोपली मात्र पोटाच्या पत्र्यावर अडकू लागली. घंटा वाजे, दोरी सैल पडे, आणि वर्दिया गजांतून लाटणे बाहेर काढून टोपलीला ढकली. "गेली का गं?" वरून आवाज येई. "गेली!" खाली आता भिंतीशी कोणी नसे. टोपली रस्त्यावर टेकून वाट पाही. कधी औषधाच्या दुकानातला मनुष्य उठून येई, कधी कोणी येत नसे. मग टोपली तशीच रिकामी वर जाई आणि जाताना पुन्हा पत्र्याला अडकत असे. एकदा सी मखलूफ स्वतः जाऊन पाव घेऊन आले. त्यांनी दोरीला झटका दिला तेव्हा लल्ला बायाने वरून पाहिले आणि विचारले, "जलूल कुठाय? आजारी आहे का?"

"नाही. दुसरीकडे उभा राहतो हल्ली."

"का?"

"तिकडे सावली आहे," सी मखलूफ म्हणाले.

मकनीन पक्षीबाजारातून आणला. विक्रेत्याला त्यांनी शक्य तितक्या तटस्थ आवाजात विचारले, की याला गाण्याच्या शेवटी एक विशिष्ट शीळ येते का. विक्रेता म्हणाला, "शेख, सगळे तेच गातात." ज्याला मकनीनमधले काही कळते तो असे कधी म्हणणार नाही, हे सी मखलूफांना घरी पोचेपर्यंत सुचले नाही. पक्षी तजेलदार होता, चेहरा लालभडक. वर्दियाने त्याचा पिंजरा जुन्या खिळ्याला टांगला, त्याला बाशा म्हणून हाक मारली आणि ती पुन्हा गॅलरीत बसून कॉफी पिऊ लागली. पिंजरा, त्याच्याभोवती वर्दिया आणि तिच्याभोवती ग्रिल. सी मखलूफ तिकडे फार वेळ पाहत नसत.

पक्षी गाईना. वर्दिया तोंडाने शीळ घाली. अनीसची शीळ तिला येत होती, पण दात पडल्यापासून शेवटचा सूर हवेत जाई. पक्षी मान तिरकी करून ऐके. शुक्रवार यायचे. "अजून पिसं?" अनीस विचारी. "थोडी राहिलीत," वर्दिया सांगे. "यंदा फार लांबलं," अनीस म्हणे आणि पुढे काही विचारत नसे.

ऑक्टोबर उजाडला.

तो शुक्रवार. नमाज संपवून सी मखलूफ घरी आले, तो पाचव्या मजल्याच्या दारात बायका जमलेल्या. वर्दिया आत, लल्ला बायाजवळ. लल्ला बाया पलंगावर बसली होती, हातावर कुसकुसचा रवा तसाच लागलेला. ती बोलत होती, पण कोणाशी नाही.

"मी रवा चोळत होते. वळून बघते तर खोलीत उभा. पोरसवदाच होता. तोही घाबरला होता. म्हणाला, खाला, कानातले. मीच काढून दिले. तो ओढायला लागला असता तर कान फाटले असते, आणि त्याचे हात कापत होते." ती थांबली. "मी म्हणणार होते, बैस, कॉफी घे. तुम्हाला सांगितलं होतं ना, सी मखलूफ? पण आवाजच फुटला नाही माझा. एवढी वर्षं मला वाटत होतं मी म्हणेन."

 हाज तय्यब दारात उभे होते. त्यांनी सी मखलूफांकडे पाहिलेदेखील नाही, आणि तेच जास्त लागले.

सी मखलूफ आपल्या घरी उतरले. गॅलरीत हबकची कुंडी कलंडली होती. पोटाच्या पत्र्यावर, नव्या रंगावर, एका बुटाचा ठसा होता, टाच आणि चवडा स्पष्ट. जगाच्या नकाशावर एखादे बेट उठून दिसावे तसा तो उठून दिसत होता. पोलिसांना तो दाखवणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य होते. सी मखलूफांनी गजांतून हात बाहेर काढला, ओल्या फडक्याने तो ठसा पुसला, आणि वर्दिया खाली येण्याआधी फडके पिळून वाळत टाकले. आयुष्यभर शिस्त शिकवलेल्या माणसाने पुरावा नष्ट केला, आणि कोणी विचारले असते तर त्याला कारणही सांगता आले नसते.

लल्ला बायाची मुलगी सेतीफहून आली आणि आईला घेऊन गेली. जाताना लल्ला बायाने वर्दियाला टोपली देऊ केली. "तू ठेव. तुझ्याकडून सुटेल का गजांतून?" वर्दियाने टोपली घेतली. ती सुटत नव्हती. गजांच्या फटीतून नुसती घंटा बाहेर जात होती.

पुढच्या बुधवारी पक्षी गायला. कोणाची वाट न पाहता, दुपारी, मोकळ्या गळ्याने गायला. वर्दिया धावत आली आणि तिने सी मखलूफांचा हात धरला. गाणे गोड होते. दोघेही शेवटची शीळ येते का म्हणून श्वास धरून थांबले. ती आली नाही. गाणे दुसरीकडेच जाऊन थांबले.

"अनीसला काय कळणार फोनवर," वर्दिया म्हणाली.

"नाही कळणार," सी मखलूफ म्हणाले.

शुक्रवारी फोन आला. वर्दियाने फोन पिंजऱ्याला लावून धरला. पक्ष्याने तिची लाज राखली. गायला. पलीकडे नेहमीसारखे कोणी बोलत नव्हते. गाणे संपले, आणि नंतरही कोणी बोलले नाही. समुद्राएवढी ती शांतता फोनातून येत होती.

मग अनीसचा आवाज आला. "पिसं छान आलेली दिसतात, आई."

"हो ना रे."

"शेवटचा तुकडा विसरला वाटतं."

"पिसं झडली की विसरतात ना थोडं?"

"हो," अनीस म्हणाला. "विसरतात." थोड्या वेळाने म्हणाला, "लल्ला बायाचा आवाज नाही ऐकू आला आज. ती ओरडते ना वरून, अनीसला सलाम सांग म्हणून."

वर्दियाने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि आत गेली.

"लेकीकडे गेलीय," सी मखलूफ म्हणाले. "सेतीफला. हवापालटाला."

"आणि जलूल? भिंत सांभाळतोय ना अजून?"

"सांभाळतोय."

"म्हणजे सगळं ठीक आहे."

"सगळं ठीक आहे. आता तर गॅलरीला गजही बसवले. एकदम सुरक्षित."

वरून, पाचव्याच्या बंद गॅलरीपलीकडून, हाज तय्यबांच्या मजल्यावरून ठिणग्या पडू लागल्या. अर्झ्की आला होता. शुक्रवारी नगरपालिकेचे कोणी फिरकत नाही. ठिणग्या गजांसमोरून खाली जात होत्या, काही पत्र्यावर पडून विझत होत्या. पक्षी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन अंग फुगवून बसला. सी मखलूफांनी एका हाताने पिंजऱ्यावर कपडा ओढला.

फोन ठेवायची वेळ झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी मुलाला कधी न विचारलेली गोष्ट तेव्हा त्यांच्या तोंडून निघाली.

"तुझ्याकडे कसं आहे रे? तू राहतोस ती वस्ती... सुरक्षित आहे ना?"

फोनात काहीच ऐकू आले नाही. गाणे संपल्यावर झाली होती तेवढीच, अगदी तेवढीच शांतता.

"एकदम, बाबा," अनीस म्हणाला. "काही काळजी करू नका."

सी मखलूफांनी ती शांतता ओळखली. ते म्हणाले, "बरं झालं," आणि फोन कानाला तसाच लावून, कपडा टाकलेल्या पिंजऱ्याशेजारी, गजांच्या आत उभे राहिले.